पान एकेचाळीस

"एकच पुस्तक, एकच बाई, अठ्ठावीस वेळा." मुरलीधरन सरांनी समोरच्या कागदावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. "हे काय आहे?"

"वाचन आहे," तंकमणी म्हणाली.

टेबलापलीकडे बसलेले सेक्रेटरी दिवाकरन खाकरले. केळ्याच्या भज्यांची बशी त्यांनी तिसऱ्यांदा सरांकडे सरकवली. सरांनी ती तिसऱ्यांदा बाजूला केली. छत्तीस वर्षं बँकेत नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि आता वरच्या समितीतर्फे तालुक्यातल्या वाचनालयांची तपासणी करत फिरत होते. वर्षाकाठी एकदा होणाऱ्या या तपासणीवर मणक्कडव गावाच्या वाचनालयाची श्रेणी ठरायची. सकाळपासून त्यांनी सोळा वर्षांच्या नऊ देवघेव वह्या चाळल्या होत्या आणि कागदावर स्वच्छ अक्षरात एक यादी केली होती. त्याच त्या माणसाने तेच ते पुस्तक नेल्याच्या नोंदी. दर पाचात एक.

"खोट्या सह्या पकडण्यात माझं आयुष्य गेलंय, बाई," सर म्हणाले. "खोटं लिहिणारा माणूस आळशी असतो. नवीन नाव शोधायचा त्याला कंटाळा येतो. तुम्ही पिशवी घेऊन घरोघर जायचं, असं तुमचं काम. तुम्ही घरी बसून वही भरलीत. कार्त्यायनी, तीनशे बारा. कार्त्यायनी, तीनशे बारा. निदान नंबर तरी बदलायचा."

तंकमणीला राग आला की तिचा आवाज चढत नसे, खाली जात असे. घरी तिचा आवाज खाली गेला की नवरा गुपचूप अंगणात निघून जायचा. सरांना हे ठाऊक नव्हतं.

"सर, माझा हा खांदा बघा," ती म्हणाली.

"काय?"

"उजवा. डाव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे. घरी बसून वही भरली असती तर तो सरळ राहिला असता."

"खांद्याची नोंद आमच्या फॉर्ममध्ये नाही." सरांनी चष्मा वर केला. "मला एवढंच सांगा, एकदा वाचलेलं पुस्तक माणूस परत कशाला नेईल? शेवट माहीत असतो ना?"

"ओणमला पायसम केलं की तुम्ही चव माहीत आहे म्हणून उठून जाता का?"

दिवाकरन घाईघाईने म्हणाले, "तंकमणी, नीट बोल. सर पाहुणे आहेत."

"नीटच बोलतेय, दिवाकरन चेट्टा. तुमचंही नाव आहे त्या यादीत. सहाशे चार, ती खुनाची कादंबरी. अकरा वेळा. खून कुणी केला ते तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगाल. सांगा ना सरांना."

दिवाकरननी बशीतलं एक भजं उचललं, परत ठेवलं, बोटं रुमालाला पुसली.

"एकदा वाचलं असेल," ते म्हणाले. "या वयात कुणाला एवढी सवड आहे? ती नोंद... चुकून झाली असेल."

तंकमणीने त्यांच्याकडे पाहिलं. हाच माणूस दरवर्षी पावसात घोंगडी पांघरून तिच्याकडून सहाशे चार घेत असे आणि परत करताना डोळे मिचकावत म्हणत असे, यंदाही नोकरानेच मारलं गं त्याला.

सरांनी दिवाकरनच्या नावापुढे एक लहानशी फुली केली.

"पान एकेचाळीस बघा," तंकमणी म्हणाली. आता तिचा आवाज इतका खाली गेला होता की सरांना पुढे वाकावं लागलं. "कुठल्याही पुस्तकाचं. सगळे तिथे खूण करतात. पुस्तक आपलं वाचून झालंय का, किती वेळा झालंय, ते कळायला. देवाच्या यात्रेआधी आपल्याकडे व्रताचे दिवस एकेचाळीस, म्हणून तेच पान लक्षात राहतं. म्हातारा पैली चर्चला जातो, पण तोही एकेचाळिसावरच क्रूस काढतो. मास्तरीणबाई चांदणी काढतात. हे आपले चेट्टा काढतात शून्य..."

बोलता बोलता ती थांबली.

सर तोवर उठले होते. त्यांनी कपाटातून सहाशे चार काढलं, एकेचाळिसावं पान उघडलं, दिव्याखाली धरलं. पान कोरं होतं. त्यांनी आणखी चार पुस्तकं काढली. चारही कोरी. शेवटी तीनशे बारा काढलं. तेही कोरं.

"मीच खोडल्या," तंकमणी म्हणाली.

खोडल्या होत्याच. मागच्या आठवड्यात सलग चार दिवस. तपासणीसाठी सगळी पुस्तकं घरोघरून परत मागवली होती, आणि दिवाकरननी आदल्या वर्षीचा शेरा तिच्यासमोर नाचवला होता. पुस्तकांवर रेघोट्या, दोन गुण वजा. त्यांच्या मुलीच्या दुकानातून बारा खोडरबर आले होते. तंकमणीने हजारावर पुस्तकांचं एकेचाळिसावं पान स्वतःच्या हाताने स्वच्छ केलं होतं. मान अवघडली, पदरात रबराचा भुगा साठला. पैलीचे क्रूस पुसताना तिला हसूही आलं होतं, म्हातारा आता ओळखणार कसा म्हणून. आपण काय पुसतोय हे तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं.

"वा!" सर म्हणाले. "पुरावा होता, तो तुम्हीच खोडलात. माझ्या नोकरीत असा एक कॅशियर होता."

"रबर कुणी आणले होते, चेट्टा?"

दिवाकरन खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला नाही बुवा आठवत."

समोरचा स्टीलचा पेला उचलून दिवाकरनच्या टकलावर आपटावा, असं तंकमणीला मनापासून वाटलं. तिने पेला उचललाही. पाणी पिऊन खाली ठेवला.

"चला," ती म्हणाली. "जिच्या नावावर अठ्ठावीस वेळा लिहिलंय ती जिवंत आहे. दहा मिनिटांवर राहते. तिलाच विचारा."

हे बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. पण सरांनी छत्री उचलली होती.

*

कालव्याच्या काठाने तिघं एकामागे एक चालले होते. पाण्यात कुजत घातलेल्या नारळाच्या सोडणांचा वास येत होता. तंकमणी पुढे होती आणि तिचं डोकं वेगाने चाललं होतं.

अडचण कार्त्यायनी अम्माची नव्हती. अम्मा पंचाहत्तरीची असली तरी तिचं तोंड खणखणीत होतं. तीनशे बारा नंबरच्या कादंबरीत एक बाई नवऱ्याच्या हातात घराच्या किल्ल्या देते आणि होडीत बसून निघून जाते. अम्मा काथ्या वळता वळता लेकीशी बोलावं तसं तिच्याशी त्यावर बोलायची. "पहिल्या वेळी मला त्या बाईचा राग आला होता, मोळे. सहाव्या-सातव्या वेळी नवऱ्याचा. आता लिहिणाऱ्याचा येतो. मेल्याने भर पावसात धाडलं तिला, हातात छत्री द्यायला काय झालं होतं?" पुस्तक तेच असे, पण दर वेळी अम्मा वेगळ्याच माणसाशी भांडून उठत असे. हे सगळं ती सरांना सहज ऐकवू शकली असती.

अडचण तिच्या मुलाची होती. शाजीची बायको रजनी सहा वर्षांपूर्वी एका सकाळी बसस्टॉपवर गेली ती परत आली नाही. रजनीही वाचणारी होती. त्या आठवड्यात शाजी वाचनालयाच्या दारात येऊन तंकमणीकडे बोट दाखवत ओरडून गेला होता, या चेचीची पुस्तकं वाचूनच माझं घर मोडलं. रजनीकडे राहिलेलं पुस्तक त्याने सगळ्यांसमोर कालव्यात भिरकावलं. ते फुगून दोन दिवस काठाला तरंगत होतं. त्यानंतर तंकमणीने तीनशे बाराला कॅलेंडरच्या कागदाचं वेष्टन घातलं, वर धनुष्य घेतलेला राम. शाजीला वाटायचं आई पोथी वाचते. वेष्टन अम्माच्या उशीखाली राहायचं, पुस्तक जायचं-यायचं.

शाजी दुपारी होडीवर असतो, तंकमणी स्वतःला समजावत होती. या वेळी तो घरी नसतोच.

तो घरीच होता. अंगणात बसून जाळं दुरुस्त करत होता. पलीकडे फणसाच्या सावलीत कार्त्यायनी अम्मा दोन्ही तळव्यांत काथ्या घेऊन सुंभ वळत होती.

"काय झालं, चेची?" शाजी उठला. "साहेब कोण?"

"वाचनालयाची तपासणी," सर म्हणाले. "तुमच्या आईला एक विचारायचं होतं." त्यांनी कागद उघडला आणि बँकेच्या खिडकीतून पुकारावं तशा आवाजात वाचलं. "कार्त्यायनी. पुस्तक तीनशे बारा. कादंबरी. सोळा वर्षांत अठ्ठावीस वेळा. बरोबर?"

शाजी हसला. "कादंबरी? साहेब, आई रामाची पोथी वाचते. ही चेचीच आणून देते." मग त्याचं हसू हळूहळू विरलं आणि त्याने तंकमणीकडे वळून पाहिलं. "कसली कादंबरी, चेची?"

अम्माचे हात थांबले होते. तिने तंकमणीकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. पलीकडच्या काठावर जायचं असताना पाणी किती खोल आहे ते बघावं, तशी ती नजर होती.

"कादंबरी-बिदंबरी मला काय कळतंय, साहेब," ती म्हणाली आणि तळवे परत एकमेकांवर घासू लागली. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ही येते, घटकाभर बसते, पाणी पिते, जाते. वहीत काय लिहिते ते तिलाच ठाऊक."

"म्हणजे तुम्ही हे पुस्तक कधीच घेतलं नाही?"

"नाही."

सरांनी लिहून घेतलं. दिवाकरननी मान हलवून खेद दाखवला. शाजी परत जाळ्याकडे वळला आणि वळता वळता म्हणाला, "आमच्या नावावर खोटं लिहीत होतीस होय, चेची? मला वाटलं, निदान पोथी तरी खरी असेल."

तंकमणीच्या कानांतून वाफ निघत होती. एक वाक्य जिभेच्या टोकावर होतं. अम्मा, उशीखालचा राम आण जरा बाहेर. एवढं म्हटलं असतं की झालं असतं. सोळा वर्षं ती या अंगणात उन्हातान्हात आली होती, ताप असताना आली होती, सासरा गेला त्याच्या तेराव्या दिवशी आली होती. त्या सगळ्याचं या म्हातारीने पाणी पिते, जाते असं करून टाकलं होतं. वाक्य तिने गिळलं.

"चला सर," ती म्हणाली. "ऊन वाढतंय."

*

वाचनालयात परतल्यावर सर फॉर्म भरत बसले. दिवाकरन तंकमणीला कपाटांच्या मागे घेऊन गेले.

"हे बघ, मी बोललोय त्यांच्याशी. एक कागद लिहून दे. परत परत नेलेल्या पुस्तकांच्या नोंदी चुकून झाल्या, पुढे काळजी घेईन. एवढंच. श्रेणी राहील, तुझी पिशवीही राहील. नाहीतर उद्यापासून दुसरी बाई बघायला सांगतील. तुझंच नुकसान आहे."

"नोंदी चुकून झाल्या नाहीत."

"ते मला माहीत आहे गं!"

"तुम्हाला माहीत आहे," तंकमणी म्हणाली. "तेच तर. त्या म्हाताऱ्या बाईपुढे मुलगा उभा होता. तुमच्यापुढे कोण उभं होतं, चेट्टा? भज्यांची बशी?"

दिवाकरन लाल झाले. "समजुतीने सांगतोय तर..." असं काहीसं पुटपुटत ते टेबलाकडे गेले.

तिथल्या तिथे उभी राहून तंकमणी कपाट आवरू लागली. हातांना काहीतरी काम हवं होतं. गावात नवीन पुस्तक आलं की ते पाच-सहा घरं फिरायचं आणि मग कपाटात जाऊन बसायचं, ते कायमचं. पण चाळीसेक पुस्तकं अशी होती की त्यांना कपाटाची सवयच नव्हती. त्यांच्या पुठ्ठ्यांचे कोपरे गोल झाले होते, पानांच्या कडा हातांनी काळवंडल्या होत्या. आंधळ्या माणसाने बोट फिरवलं असतं तरी कुठलं पुस्तक परत परत वाचलं गेलंय ते त्याला सांगता आलं असतं. सरांचे डोळे चांगले होते.

तीनशे बारा तिच्या हातात आलं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन तिरपं आत येत होतं आणि ते पुस्तक नेहमीच्या सवयीने मधेच उघडलं. तिने पानं मागे घेतली. एकेचाळीस.

दिव्याखाली सरळ धरलेलं पान कोरं होतं. आडव्या उन्हात ते कोरं नव्हतं. समासाच्या कडेला, वरून खाली, बारीक चंद्रकोरी उठल्या होत्या. अंगठ्याच्या नखाने दाबलेल्या. प्रत्येकीच्या आतल्या बाजूला केसाएवढी सावली. त्यांना रबर लागलंच नव्हतं, कारण पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं, कागदच दबला होता. पहिल्या चंद्रकोरी खोल होत्या, रुंद होत्या. खाली येता येता त्या उथळ होत गेल्या होत्या. शेवटच्या दोन तर पान हलवल्याशिवाय दिसत नव्हत्या.

अम्माच्या हातात तिने कधी पेन्सिल पाहिली नव्हती, हे तिला आता आठवलं. काथ्या सोलून सोलून झालेलं ते शिंगासारखं पिवळं नख मात्र रोज पाहिलं होतं.

तिने मोजल्या. अठ्ठावीस.

सहा पावलांवर सर बसले होते. पुस्तक त्यांच्यापुढे खिडकीत तिरपं धरायचं, एवढंच करायचं होतं. माणूस हट्टी असला तरी मोजायला कचरणारा नव्हता, त्याने नक्की मोजल्या असत्या. मग त्याने खोटं बोलणाऱ्या वाचकाचं नाव अहवालात घातलं असतं. तो अहवाल दिवाकरननी संध्याकाळी चहाच्या टपरीवर वाचून दाखवला असता. शाजी चहाला तिथेच येत असे.

तिने पुस्तक मिटलं.

"तर मग?" सर म्हणाले. "कागद लिहिताय ना?"

तंकमणी टेबलाशी आली. तिने खांद्यावरची पिशवी काढली, झटकली, चौघडी घातली आणि त्यांच्या फॉर्मवर ठेवली. तिच्यावर कपाटांच्या किल्ल्या ठेवल्या.

"खरं घडलेलं मी चूक म्हणून लिहिणार नाही."

"पण त्या बाईने तर स्वतः..."

"तिचं तिने सांगितलं. माझं मी सांगते." तिने देवघेवीची वही पुढे ओढली, पेन उचललं आणि उभ्यानेच लिहिलं. तारीख. तंकमणी, सभासद क्रमांक सत्त्याऐंशी. पुस्तक तीनशे बारा. वही सरांपुढे फिरवली. "ही नोंद तुमच्यासमोर केलीय. ही खरी आहे का बघून घ्या. पंधरा दिवसांनी परत आणीन आणि परत नेईन. परत आणीन, परत नेईन. तुम्ही यादी वाढवत राहा."

तीनशे बारा पदराखाली घेऊन ती बाहेर पडली.

*

पाच वाजता शाजीची होडी पुलाखालून गेलेली दिसली. मग तंकमणी अंगणात शिरली.

अम्मा त्याच जागी होती. सुंभाचं वेटोळं दुपारपेक्षा हातभर उंच झालं होतं. तिने वर पाहिलं नाही.

"रागावलीस?"

"हो."

"खूप?"

"खूप."

"मग बस."

तंकमणी बसली. काथ्याचा खसखस आवाज येत राहिला. पिशवी नसतानाही तंकमणीचा उजवा खांदा तसाच खाली झुकलेला होता. अम्माने ते पाहिलं, आणि पिशवी कुठे आहे असं तिने विचारलं नाही.

"तू गेल्यावर शाजीने उशीखाली हात घालून बघितलं," ती म्हणाली. "राम सापडला. आत पुस्तक नव्हतं. नुसत्या वेष्टनाला काय बोलणार? गप्प बसला."

"पुढच्या खेपेला गप्प बसणार नाही."

"नाही बसणार," अम्मा म्हणाली.

तंकमणीने पदराखालून पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. अम्माने हात लुगड्याला पुसले. कमरेतून घडी घातलेला राम काढला, मांडीवर सरळ केला आणि सवयीच्या हातांनी पुस्तकाला चढवला. मग डोळ्यांजवळ धरून पानं उलटली, एकेचाळिसावर थांबली. बोटाने समास चाचपत ती खाली आली, शेवटच्या खुणेखाली अंगठा टेकवला आणि दातओठ खाऊन दाबला.

"अजून वाचलं कुठे आहेस?" तंकमणी म्हणाली.

"आधीच करून ठेवते." अम्माने अंगठा उचलला आणि दबलेल्या जागेवर हलकेच फुंकर मारली. "परत तू आणशील की नाही, कोण जाणे."